इतर, वीस अक्षरांत

गोराईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा ओहोटी सरत आली होती.
खांद्यावर टेप, पिशवीत पॉवर बँक,
गळ्यात कार्ड: क्षेत्र पडताळणी, कंत्राटी,
मुदत अकरा महिने.

सांतान तुस्कानो उघाडीपाशी उभे,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
चिखलात मला जायचं होतं,
तयार ते होते.

योजना सोपी आहे, मी म्हटलं.
तुमच्या सातबाऱ्यावर तिवरं आलीत.
ती राहू द्यायची.
गुंठ्यामागे वर्षाला अमुक रुपये, थेट खात्यात.
"आनि करायचा काय?"
काही नाही करायचं.
"ता मना जमते."

खालच्या शेतात श्वासमुळंच श्वासमुळं,
हजेरीला वर केलेल्या बोटांसारखी.
निवट्या उड्या मारत बाजूला झाल्या.
घेर छातीएवढ्या उंचीवर घ्यावा, परिपत्रक सांगतं.
कुणाच्या छातीएवढ्या, ते सांगत नाही.
मी माझ्या घेतला.
एकशे बारा झाडं, एकशे बारा फोटो,
प्रत्येकाच्या मागे खाडीपल्याडचे बोरिवलीचे टॉवर,
कुणी मुद्दाम उभे केल्यासारखे.

बांधाच्या अलीकडे कार्मिण, त्यांची भावजय.
तिचं शेत अजून शेत आहे.
दर मे महिन्यात ती दोन माणसं लावते,
चिखलाचे गोळे थापते, पेंढा दाबते,
उघाडीची फळी बदलते,
समुद्राला सांगते, इथवर.
तिच्या बांधावर एक करंज, दोन भेंड,
कोपऱ्यात पाणथळ, तिथे बगळे.
मी यादीत शोधलं. करंज नाही.
भेंड आहे, पण किमान दहा हवेत.
बगळ्यांना रकाना नाही.

अपात्र, असं मी तोंडाने म्हटलं नाही.
पडद्यावर लाल पट्टी आली,
ती तिने माझ्या आधी वाचली.

"म्हंजे त्यान बांध सोरला, त्याला पैसं.
मी राखला, मना नाय.
मंग मी पन फोरू काय? पावरा हाय घरात."

माझ्याकडे याचं उत्तर असलेली पुस्तिका होती,
पान चौदा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न.
हा त्यात नव्हता.
करंजाचा फोटो मात्र काढला.
तो कुठे पाठवायचा, अजून ठरलं नाही.

शेवटचा रकाना राहिला होता:
संवर्धनासाठी आपण केलेली कृती.
रोपण. कुंपण. राखण. इतर.
सांतान चष्मा काढून बसले, बराच वेळ.
"अकरा वर्सं झाली," म्हणाले.
"उधानाला बांध गेला. खांडा केवरा? सुपाएवरा.
एक दिसाचा काम.
पन बेनिता बोरिवलीला, दवाखान्यात.
म्हैनाभर मी तिथंच.
आलो तं पानी घरात आल्यावानी शेतात बसलेला.
मंग कोनासाठी बांधू?
दुसऱ्या साली पयला तिवर दिसला. मी उपटला नाय.
येवराच मी केला."

राखण दाबू का, मी विचारलं.
"राखन खोटा व्हईल. राखन कार्मिणची."
मग इतर. इतरला वीस अक्षरं मिळतात.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेले:

बांध फुटला तेव्हा मी बेनितापाशी होतो, वॉर्ड सहा, खा

तिथे थांबलं.
खाट नंबर नऊ होती, खिडकीकडची,
ती आत गेली नाही.
मी म्हटलं, थोडं कमी करू या, बेनिता काढू,
वॉर्ड काढू.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी तसंच जतन केलं.

वांद्र्याच्या कार्यालयात कुणीतरी ते उघडेल.
खा.
खाजण म्हणायचं असेल, समजेल तो,
किंवा खाडी, किंवा खारफुटी,
आणि पुढचं स्वतःच भरून
मंजूर करेल.

फेरी सुटली तेव्हा पाणी चढत होतं.
कार्मिण बांधावर वाकून
पायाने काहीतरी दाबत होती.
सांतान तिला गोळे करून देत होते.
एवढ्या लांबून मला नीट मोजता आलं नाही.